फोटो छान आहेत हो, पण ऑर्डर कुठंय?

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की छोट्या धंद्याचे फोटो आणि त्याखालचा मजकूर, यात तुमचं गाडं नेमकं कुठं अडतं ते कळवा. वाटलं होतं दहा-बारा पत्रं येतील, आली ढीगभर. गंमत म्हणजे निम्म्यांनी फक्त फोटोबद्दल विचारलंय आणि निम्म्यांनी फक्त कॅप्शनबद्दल, दोन्ही एकत्र धरून विचारणारे एका हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच, आणि माझ्या मते गाडं तिथंच अडतंय. पाच पत्रं घेतलीयत, कुणाला लांबलचक उत्तर मिळालंय आणि कुणाला चार ओळींत गुंडाळलंय, राग मानू नका.

प्रश्न: ताई नमस्कार. मी घरून फराळाचा बिझनेस करते, तिसरं वर्ष. यंदा पहिल्यांदाच फोटोग्राफर बोलावून आठ हजार रुपये देऊन फोटो काढून घेतले, इतके सुंदर आलेत की सगळ्या ग्रुपवर वाहवा झाली, लाईक्स पण भरपूर, पण ऑर्डर गेल्या वर्षीएवढ्याच. कुणीतरी म्हणालं कॅप्शन चांगलं नाही म्हणून. फोटो आणि कॅप्शन दोन्ही पाठवतेय, काय चुकलं सांगा.
— फराळवाली, डोंबिवली

उत्तर: बघितला फोटो. पितळी ताट, झेंडूच्या पाकळ्या, दोन पणत्या, मागे जरीच्या काठाचा पडदा आणि या सगळ्या लवाजम्यात एका कोपऱ्यात बिचारी चकली. फोटो सुंदर आहे यात वादच नाही, पण तो दिवाळीचा फोटो झालाय, तुमच्या चकलीचा नाही. लोकांनी लाईक दिलं ते दिवाळीला दिलं. आणि खाली काय, तर ‘घरच्या चवीचा शुद्ध, स्वादिष्ट, दर्जेदार फराळ, आजच ऑर्डर करा’. आता हीच ओळ तुमच्या पलीकडच्या बिल्डिंगमधल्या फराळवालीच्या फोटोखाली चिकटवली तर काही फरक पडेल का? नाही ना, मग ती ओळ तुमची नाहीच.

माझं म्हणणं एवढंच आहे की फोटोत दिसतं ते लिहू नका, दिसत नाही ते लिहा. आणि लिहून समजत नाही ते फोटोत दाखवा. ‘सोनेरी रंगाची काटेरी चकली’ असं कशाला लिहायचं, दिसतेय की. पण ती भाजणीची आहे की नुसत्या तांदळाच्या पिठाची, तेल कोणतं, एका किलोत साधारण किती बसतात, डब्यात किती दिवस कुरकुरीत राहते, हे कुठला कॅमेरा दाखवणार? ते लिहा. आणि ‘खुसखुशीत’ हा शब्द काढूनच टाका, त्याऐवजी एक चकली मोडून ठेवा आणि मोडलेल्या जागेचा जवळून फोटो काढा, आतली बारीक पोकळ नळी दिसली की बघणाऱ्या बाईला बरोबर कळतं, तिला विशेषण लागत नाही.

अनारशाचं तर फारच सोपं आहे. अनारशाची शान म्हणजे जाळी. ती खिडकीच्या बाजूनं येणाऱ्या उजेडात फोटोत अशी काही खुलते की विचारू नका (समोरून फ्लॅश मारला की मात्र मेली, सगळं सपाट दिसतं). आता जाळी फोटोनं दाखवली, मग शब्दांनी काय सांगायचं? तर तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, मग वाळवून कुटून गूळ घालून पीठ मुरत ठेवलं. बस. जाळी आणि तीन दिवस शेजारी शेजारी आले की भाव जास्त का हे तुम्हाला वेगळं सांगावं लागत नाही, ‘क्वालिटीशी तडजोड नाही’ वगैरे पण लिहावं लागत नाही.

अजून एक, तुम्ही आधी फोटो काढले आणि मग चार दिवसांनी खाली काय लिहू म्हणून बसलात, बरोबर? सगळेच असं करतात. उलटं करा. आधी कागदावर प्रत्येक पदार्थाची एक-एक ओळ लिहा, गिऱ्हाईक फोनवर जे विचारतं तेच, ‘मुलाला अमेरिकेला पाठवायचंय, टिकेल का?’, ‘आईंना डायबेटिस आहे, गुळाचं काही आहे का?’, ‘लाडू केवढे असतात?’ आणि मग ती यादी फोटोग्राफरच्या हातात द्या. लाडू केवढा हा प्रश्न असेल तर लाडू तळहातावर ठेवून फोटो, अमेरिकेचा असेल तर पॅक केलेल्या डब्याचा फोटो आणि सोबत ऑर्डरची शेवटची तारीख. तुमच्या अख्ख्या पोस्टमध्ये तारीख नाही, भाव नाही, डोंबिवलीबाहेर पाठवता का ते नाही! लोक विचारतात कुठं हो, पुढं सरकतात.

हे उलटं करायचं शहाणपण मला फुकट आलेलं नाही. सुरुवातीच्या काळात एका मिसळवाल्यांचं काम घेतलं होतं, मी फोटो काढले, लिहिणारा दुसराच, आमची दोघांची एकदाही भेट नाही. मी माझ्या परीनं जीव ओतून लालभडक तर्रीचा असा फोटो काढला की बघूनच घाम फुटावा. आणि लिहिणाऱ्यानं त्यावर लिहिलं, ‘कमी तिखट, मुलांनाही आवडेल अशी फॅमिली मिसळ’. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, पण एकत्र आल्यावर हसंच झालं, तिखट खाणारे मजकूर वाचून गेले आणि मुलंबाळंवाले फोटो बघून गेले. मालक सज्जन होते, पैसे कापले नाहीत.

लेबलचंही बघून घ्या. पाकिटावर एफएसएसएआयचा (म्हणजे सरकारी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) 14 अंकी नंबर लागतोच, तो पाकिटाच्या फोटोत वाचता येईल असा येऊ द्या. ‘शुद्ध’, ‘ताजं’, ‘नैसर्गिक’ असले शब्द खायच्या वस्तूंच्या जाहिरातीत कधी वापरायचे याचे 2018 सालापासून नियम आहेत, त्यामुळे ते शब्द मिठासारखे भुरभुरवायची सवय तशीही सोडलेली बरी.

प्रश्न: मॅडम, मी येवल्याच्या विणकरांकडून पैठण्या घेऊन ऑनलाईन विकतो. सगळ्यात मोठी कटकट म्हणजे ‘फोटोतला कलर वेगळा, आलेला वेगळा’. दहात दोन साड्या परत येतात. चांगला मोबाईल घेतला, रिंग लाईट घेतला, तरी तेच. मजकुरात ‘फोटो आणि प्रत्यक्ष रंगात थोडा फरक असू शकतो’ हे टाकतो, पण उपयोग नाही.
— साडीवाला, नाशिक

उत्तर: ती ओळ गिऱ्हाईकासाठी नाही हो, तुमच्या मनाच्या समाधानासाठी आहे.

पहिलं म्हणजे रिंग लाईट साडीसाठी बाजूला ठेवा. ट्यूबलाईट, पिवळा बल्ब आणि बाहेरचा उजेड असे तीन प्रकारचे लाईट एकत्र आले की मोबाईल आपल्या मनानं रंग ठरवतो, आणि राणी, जांभळा, मोरपंखी या रंगांशी तर त्याचं हाडवैरच आहे. घरातले सगळे दिवे बंद करा, सकाळी खिडकीशी किंवा गॅलरीत सावलीत साडी पसरा, थेट ऊन नको, एका कोपऱ्यात पांढरा कागद ठेवा, फोटोत कागद पांढराच दिसतोय ना बघा. कागद निळसर किंवा पिवळट दिसला तर साडीचा रंगही तितकाच चुकलाय. फिल्टर तर अजिबात नको.

पण एवढं करूनसुद्धा पैठणीचा काही भाग फोटोत मावतच नाही, आणि शब्दांचं काम तिथं सुरू होतं. धूपछाव घ्या. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा, त्यामुळे हलवली की रंग बदलतो, मग एका फोटोत कुठला रंग पकडणार? तुम्ही हिरवा पकडलात आणि तिच्या घरी गेल्यावर तिला जांभळी दिसली, झाली परत. इथं दोन फोटो लागतात, दोन्ही बाजूंनी, आणि एक सरळ ओळ, ‘उभा धागा हिरवा, आडवा जांभळा, उजेडात हिरवी आणि घडीत जांभळी दिसते’. छोटा व्हिडिओ असेल तर अजून छान.

आणि रंगांची नावं! तुमच्या लिस्टिंगमध्ये सगळीकडे ‘पर्पल’ लिहिलंय. अहो आपल्याकडे त्या एका पर्पलला जांभळा आहे, वांगी आहे, अंजिरी आहे, आणि घेणारी जर मराठी घरातली असेल तर ‘वांगी कलर’ म्हटल्यावर तिच्या डोळ्यासमोर जे येतं ते तुमच्या फोनपेक्षा जास्त अचूक असतं. गुलबक्षी, डाळिंबी, शेवाळी, मोतिया, मोरपंखी, एवढी श्रीमंती घरात असताना ‘डार्क पिंक’ कशाला लिहायचं? बाहेरच्या राज्यातल्या गिऱ्हाईकासाठी इंग्रजी नाव सोबत टाका की, कोण नाही म्हणतंय.

दुसरी गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण सांगते. तुमच्या फोटोंमध्ये साडीची उलटी बाजू कुठंच नाही. हातमागाच्या पैठणीत पदराची नक्षी मागूनही जवळजवळ पुढच्यासारखीच दिसते, मागे सुटे धागे लोंबत नाहीत, आणि मशीनच्या सेमी पैठणीत बहुतेक वेळा मागे धाग्यांचं जंजाळ असतं किंवा कापलेले धागे दिसतात. म्हणजे तुमचा सगळ्यात दणदणीत पुरावा उलट्या बाजूला आहे आणि तुम्ही तो लपवून ठेवलाय! पदराचा मागचा फोटो टाका, खाली लिहा ‘ही उलटी बाजू आहे’. चार शब्द. ज्याला कळायचं त्याला कळतं आणि ज्याला कळत नाही तो विचारतो, मग बोलणं सुरू होतं. पण सेमी विकत असाल तर सेमीच लिहा हं, हातमागाचा फोटो आणि सेमीचा भाव असली सरमिसळ केली की ‘परत’वाल्यांचा आकडा कधीच खाली येणार नाही. पैठणीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, नावाला किंमत आहे, ती आपणच घालवायची नाही.

प्रश्न: आमच्या घरी तीन पिढ्या चपला बनवतात. मी इन्स्टावर पेज काढलंय. प्रत्येकजण ‘अस्सल कोल्हापुरी’ लिहितो, कारखान्यातला रेक्झिनचा माल विकणारा पण. आम्ही वेगळं काय लिहायचं? मित्र म्हणतो लिहूच नको, फोटो बोलतो.
— चपलेवाला, कोल्हापूर

उत्तर: मित्राला सांगा, फोटो बोलतो पण नाव सांगत नाही. जून 2025 मध्ये मिलानला प्राडा या इटालियन कंपनीचा फॅशन शो झाला तो आठवतोय ना? रॅम्पवर चप्पल आली, फोटो जगभर गेले, आपल्याकडे शेंबड्या पोरानंही ओळखली की ही कोल्हापुरी. पण कंपनीनं सुरुवातीला तिचं वर्णन नुसतं चामड्याची सँडल असं केलं होतं, कोल्हापूरचं नाव नाही, भारताचंही नाही. बोंबाबोंब झाली, महाराष्ट्र चेंबर या व्यापाऱ्यांच्या संघटनेनं पत्र लिहिलं, मग ही भारतातल्या पारंपरिक चपलांवरून सुचलेली आहे हे कंपनीनं कबूल केलं. आता बघा, फोटो तर खोटा नव्हता, चप्पल जशी होती तशीच दिसत होती. सगळं भांडण झालं ते फोटोखाली न लिहिलेल्या शब्दांवरून.

तेव्हा ‘अस्सल’ सोडा आणि नावं घ्या. जी बनवता तिचं नाव, कापशी असेल तर कापशी, पायताण असेल तर पायताण. कातडं कशानं कमावलंय, बाभळीची साल आणि हिरडा हे लिहा. शिलाई चामड्याच्याच वादीची आहे, खिळा नाही, हे लिहा आणि फोटो वरून नको, बाजूनं काढा, तळाचे थर आणि वादीचे टाके दिसतील असा. रेक्झिनवाला हा फोटो काढूच शकत नाही. काढला तर फसेल.

वापरलेल्या चपलेचा फोटो कुणीच टाकत नाही, का ते मला कळत नाही. नवी जोडी आणि शेजारी घरातल्या कुणाची तरी दोन वर्षं घातलेली, तेल पाजून काळसर झालेली जोडी. खाली खरं ते लिहा, पहिले काही दिवस चावते, मग पायाचा आकार घेते, पावसाळ्यात घालू नका. ‘चावते’ लिहायला घाबरू नका, नव्या माणसाला हे आधी सांगितलं नाही तर तो तिसऱ्या दिवशी शिव्या घालतो आणि आधी सांगितलं तर स्वतःच्या पायाला घालतो. आणि ती कर्रकर्र चाल, ती फोटोत येत नाही, लिहूनही फारशी येत नाही, त्यासाठी फरशीवर चालतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ करा, वर गाणं लावू नका म्हणजे झालं.

जीआयचं म्हणाल तर 2019 मध्ये मिळालाय, आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजयपुरा असे आठ जिल्हे त्यात आहेत. पण जिल्ह्यात राहतो म्हणून जीआयचा लोगो छापता येत नाही, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. ती करून घ्या, मग ‘अस्सल’च्या जागी तो नोंदणीचा नंबर टाका.

प्रश्न: मी केक बनवते. फोटोग्राफरला पैसे दिले, फोटो मिळाले, आता तो म्हणतो दुसरीकडे वापरायचे तर परत पैसे. फोटो कुणाचे?
— ठाणे

उत्तर: तुम्ही पैसे देऊन सांगून काढून घेतलेत आणि उलट असा काही करार केलेला नाही, तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे पहिला हक्क तुमचा. पण काही सही केली होती का ते आधी बघा, ‘फक्त इन्स्टासाठी’ असलं काही त्यात असेल तर तो म्हणतो ते बरोबर. आणि मूळ रॉ फाईल्स (कॅमेऱ्यातून निघालेल्या, काही न सुधारलेल्या) देणं हे वेगळं काम आहे, ते आधी ठरलं नसेल तर भांडू नका. यापुढे व्हॉट्सअॅपवर का होईना, चार ओळींत लिहून घ्या, किती फोटो, कुठं कुठं वापरणार, तो स्वतःच्या पेजवर टाकणार का. फोटो व्हॉट्सअॅपवर मागवाल तर डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर दाबून बारीक होऊन येतात आणि मग बॅनर छापताना रडायची पाळी.

जाता जाता, भाव आणि फोन नंबर फोटोवरच मोठ्या अक्षरात टाकलाय तो काढा. क्रीम झाकलं गेलंय, भाव वाढला की सगळे फोटो बाद, आणि फोटोवरचा नंबर दाबून कुणाला फोन लावता येत नाही. खाली मजकुरात लिहा, आणि पहिल्या ओळीतच लिहा, कारण इन्स्टावर पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं दाबल्याशिवाय उघडत नाही. तुमची पहिली ओळ सध्या ‘हॅलो फ्रेंड्स’ आहे.

प्रश्न: आमचं कोकणी मेव्याचं छोटं दुकान आहे, कोकम आगळ, अमृत कोकम, आंबापोळी, फणसपोळी. भाचा पुण्याला आयटीत आहे, तो म्हणतो मावशी फोटोग्राफर कशाला, एआयनं फोटो पण होतात आणि मजकूर पण. त्यानं करून पाठवलंय. करू का तसं?
— चिपळूण

उत्तर: भाचा गुणी आहे, पण फणसपोळीचा त्यानं पाठवलेला फोटो बघितला मी, ती फणसपोळी नाही, तो जाडजूड पॅनकेक आहे आणि वर पुदिन्याचं पान आहे. पुदिना! गिऱ्हाईक हे बघून मागवणार आणि हातात येणार तुमची खरी चामट तपकिरी पोळी, जी चवीला शंभरपट चांगली आहे, पण त्याला वाटणार फसवलं. विकायच्या वस्तूचा फोटो त्या वस्तूचाच पाहिजे, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दंड आहे तो बाजूला ठेवला तरी. मजकुराचं तेच, ‘निसर्गाच्या कुशीतून थेट तुमच्या घरी’. हे वाक्य मधालाही चालतं, भाजीलाही चालतं, गादीलाही चालेल. शुद्धलेखन तपासायला, इंग्रजी करून घ्यायला मशीन वापरा की खुशाल.

पण तुमची खरी गोची वेगळीच आहे आणि ती भाच्याच्या लक्षात आलेली नाही. आगळ आणि अमृत कोकम, फोटोत दोन्ही सारख्याच लाल बाटल्या. आपल्याला लेबल न वाचता कळतं, पण नागपूरच्या किंवा इंदूरच्या माणसाला काय कळणार? तो आगळ मागवतो, सरबत समजून पाण्यात घालतो, खारट लागतं आणि मग माल खराब म्हणून रिव्ह्यू टाकतो. तुमचे एक-एक स्टारवाले रिव्ह्यू वाचले मी, तीन तर हेच आहेत. तर आगळाच्या फोटोत बाटलीशेजारी सोलकढीची वाटी ठेवा, गुलाबी, वर कोथिंबीर, आणि पहिलीच ओळ, ‘यात साखर नाही, मीठ आहे, सोलकढी आणि आमटीसाठी’. अमृत कोकमशेजारी थंड पाण्याचा ग्लास आणि ओळ, ‘साखर घातलेलं आहे, फक्त पाणी घाला’. मोबाईलवर खिडकीशी दहा मिनिटांचं काम आहे, फोटोग्राफर पण नको.

आणि भाचा गणपतीला येईल तेव्हा त्याला ग्लासात थोडं आगळ घालून वर पाणी ओतून द्या, सरबत म्हणून. पुढचं कॅप्शन तो स्वतःच लिहील.